एका लपणाऱ्या रोगाचा इतिहास

आज मी ज्या रोगाविषयीं बोलणार आहें, त्याचें नांव घरांतल्या सर्व मंडळींसमोर उच्चारावें कीं न उच्चारावें, याचा मीं बराच विचार केला. रेडिओ बैठकीच्या खोलींत असतो. तेथें आजोबा असतात, सून असते, आणि अभ्यासाचें पुस्तक उघडून भलतीकडे कान लावलेला मुलगाही असतो. परंतु ह्या रोगाच्या पायीं ज्यांचे प्राण गेले, त्यांतले कित्येक नेमक्या ह्या संकोचापायींच गेले. तेव्हां तोच संकोच पांघरून त्या रोगाचा इतिहास सांगणें मला बरें वाटेना. हा रोग म्हणजे वृषणाचा कर्करोग. पुरुषाचें बीज जेथें तयार होतें त्या ग्रंथीला वृषण म्हणावें, आणि तिच्याभोंवतालच्या कातडीच्या पिशवीला अंडकोश म्हणावें. हे दोन शब्द पुढें वारंवार यावयाचे आहेत, म्हणून त्यांतला भेद आधींच सांगून ठेवतों.

हा रोग बहुधा सरळ वाटेनें येतो. पंधरा ते चाळीस ह्या वयांतल्या पुरुषाला एका बाजूचें वृषण कठीण किंवा जड लागूं लागतें. दुखत नाहीं, ताप नाहीं. तो वेळेवर सांगेल तर पुढचें काम फारसें अवघड नसतें. पण कांहीं वेळां रोग येतो तो आडवाटेनें, आणि माझा आजचा विषय ती आडवाट हा आहे.

कल्पना करा, सदाशिव पेठेंत राहणारा चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण आहे. त्याच्या मानेच्या तळाशीं, डाव्या खांद्याकडच्या हाडावरील खळग्यांत, एक गांठ आली आहे. वजन थोडें उतरलें आहे. घरांत पहिला शब्द निघतो तो ‘गंडमाळा’. डॉक्टरांच्या मनांतही प्रथम क्षयच येतो, आणि त्यांत त्यांची चूक आहे असें म्हणवत नाहीं, कारण आपल्या देशांत अशा दहा गांठींतल्या बऱ्याचशा क्षयाच्याच निघतात. दुसऱ्या एका तरुणाची कंबरेच्या वर पाठ दुखते, विशेषतः रात्रीं. तो गादी बदलतो, व्यायाम सोडतो, मग पुन्हां धरतो. तिसऱ्याची छाती स्त्रीसारखी भरूं लागली आहे आणि हात लागला तर ती दुखते. तो कोणालाच कांहीं सांगत नाहीं, फक्त सैल सदरे शिवून घेतो. चौथ्याला खोकला आहे आणि थुंकींतून रक्त पडतें. ह्या चौघांपैकीं एकानेंही वृषणाचें नांव काढलेलें नाहीं. त्यांना तें कोणीं विचारलेलेंही नाहीं. आणि तरीही चौघांच्याही दुखण्याचें मूळ तेथें असूं शकतें. तें एखाद्या वाटाण्याएवढेंच असेल, आणि त्याच्या स्वतःच्याही ध्यानांत आलेलें नसेल.

असें कां व्हावें, याचें उत्तर गर्भाच्या घडणींत आहे. वृषण आपणांस जेथें आढळतें तेथें तें उपजलेलें नसतें. बाळ गर्भाशयांत असतांना त्याच्या पोटांत, मूत्रपिंडाच्या शेजारीं, पाठीच्या भिंतीला लागून तें प्रथम तयार होतें. तेथून महिनोन् महिने प्रवास करीत तें जांघेंतून खालीं उतरतें आणि बहुधा जन्माच्या सुमारास अंडकोशांत येऊन स्थिरावतें. इंग्लंडांतील विख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनीं मृत गर्भांचें विच्छेदन करून हा प्रवास अभ्यासिला, आणि १७६२ सालीं त्यांचें निरीक्षण छापून आलें. वृषणाला खालची वाट दाखविणाऱ्या दोरीसारख्या बंधाला त्यांनीं लॅटिन भाषेंतलें ‘सुकाणूं’ या अर्थाचें नांव दिलें. शारीरशास्त्रांत तेंच आजही चालतें. मात्र आपल्याकडे याहून चपखल उपमा घरोघर तयार आहे. वृषण हें सासरीं नांदायला गेलेल्या लेकीसारखें आहे. मुक्काम हलला, तरी देणेंघेणें माहेराशींच राहिलें आहे. त्याला रक्त पुरविणारी धमनी पोटांतल्या महाधमनीपासून, मूत्रपिंडाच्या जवळून निघते. आणि त्याची लसिका, म्हणजे शरीराच्या कणाकणांतून निथळणारें जें पाणी बारीक वाहिन्यांवाटे रक्तांत परत जातें तें, जांघेंतल्या ग्रंथींकडे न वळतां थेट पोटाच्या मागच्या भिंतीवरील ग्रंथींकडे चढतें. अंडकोशाच्या कातडीचें तसें नाहीं. ती तेथलीच रहिवासी. तिची लसिका जांघेंतच जाते. ही गोष्ट लक्षांत असूं द्यावी, पुढें शस्त्रक्रियेच्या वेळीं तिचें महत्त्व कळेल.

तेव्हां वृषणांतला रोग पसरूं लागला, कीं त्याची पहिली हांक माहेरीं ऐकूं येते. पोटामागच्या ग्रंथी सुजतात आणि पाठ दुखूं लागते. तेथून लसिकेची मोठी वाहिनी छातींतून वर चढते व मानेच्या डाव्या तळाशीं एका मोठ्या शिरेला मिळते; म्हणून दुसरा थांबा ती डाव्या बाजूची गांठ. पोटांतल्या कर्करोगाची खूण मानेंत उमटते, हें जर्मनींतील रुडॉल्फ फिर्खो यांनीं १८४८ सालींच दाखविलें होतें, आणि त्या ग्रंथीला अद्यापि त्यांचेंच नांव आहे. त्यापुढें रोग रक्तांत शिरला कीं फुप्फुसें आलीं. म्हणजे आपल्या तरुणांपैकीं तिघांची उपपत्ति लागली. छाती भरणाऱ्याची राहिली, त्याच्याकडे नंतर येऊं.

आपल्या प्राचीन वैद्यांना यांतलें किती ठाऊक होतें, हा प्रश्न पुणेकरांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. सुश्रुतसंहितेंत ‘वृद्धि’ नांवाच्या विकाराचे सात प्रकार सांगितले आहेत. तीन दोषांचे तीन, रक्ताचा, मेदाचा, मूत्राचा आणि आंतड्याचा. यांतला आंतड्याचा म्हणजे आपला अंत्रगळ, आणि मूत्राचा म्हणजे ज्याला आपण आज हायड्रोसील म्हणतों तो. त्यांतलें पाणी काढण्याची कृति सुश्रुतानें चांगली बारकाईनें दिली आहे: भाताच्या दाण्यासारखें टोंक असलेल्या शस्त्रानें शिवणीच्या बाजूस खालीं वेध करावा, दोन तोंडांची नळी घालावी, पाणी वाहूं द्यावें आणि मग पट्टा बांधावा. अर्बुदाचें वर्णनही निराळ्या ठिकाणीं आहे. तें वाटोळें, स्थिर, खोल मुळाचें, हळूहळू वाढणारें, थोडें दुखणारें आणि न पिकणारें असतें. हें वर्णन वाचून वृषणांतल्या कठीण गांठीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पण म्हणून सुश्रुताला हा कर्करोग माहीत होता असें म्हणणें म्हणजे आपल्या पूर्वजांना न मागितलेलें प्रशस्तिपत्र देणें होय. मला त्या वृद्धींच्या यादींत दुसरेंच कांहीं दिसतें. अंडकोश सुजला, कीं त्याला देण्यासाठीं परिचित नांवांची कमतरता आपल्याकडे कधींच नव्हती. आणि जेथें परिचित नांवें पुष्कळ, तेथें अपरिचित रोगाला दडायला जागाही पुष्कळ.

विदर्भांत आणि कोंकणाच्या कांहीं भागांत हत्तीरोगामुळें अंडवृद्धि इतकी नित्याची होती, कीं तिच्याविषयीं कोणी डॉक्टरकडे जाणें हेंच विशेष. आतां गंमत अशी, कीं कर्करोग झालेल्या वृषणाभोंवतीं कधीं कधीं पाणीही सांचतें. बाहेरून दिवा लावून पाहिलें तर पिशवी उजळते, हायड्रोसीलच वाटतो. सुई घालून पाणी काढलें जातें, आणि आंतली गांठ तशीच राहते. एवढेंच नव्हे, तर ज्या कातडीची लसिका जांघेंत जाते तिच्यांतून सुई गेल्यानें रोगाला एक नवी, पूर्वीं नसलेली वाट मोकळी होण्याचा धोका असतो. म्हणून आजचे शस्त्रवैद्य अंडकोशाला चाकू किंवा सुई लावीत नाहींत. जांघेवर छेद घेऊन वृषण त्याच्या दोरीसकट वरून काढतात. तुकडा काढून आधीं तपासणें हा जो अन्य कर्करोगांत शहाणपणाचा नियम, तो येथें बहुधा लागू पडत नाहीं.

एकाच माणसाचें नांव ह्या सगळ्या गोंधळांत तीनदां यावें, हा योगायोग मला नेहमीं नवल वाटायला लावतो. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांतले शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७६२ सालीं हायड्रोसीलवर पुस्तक लिहिलें. १७७५ सालीं त्यांनीं धुराडीं साफ करणाऱ्या पोऱ्यांना अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग होतो व तो काजळीमुळें होतो, असें दाखवून दिलें; धंद्यापासून कर्करोग होतो हें जगाला प्रथम त्यांच्यामुळें कळलें. आणि १७७९ सालीं त्यांनीं पाठीच्या कण्याच्या ज्या रोगाचें वर्णन केलें, तो मणक्यांचा क्षय आजही डॉक्टरांच्या बोलण्यांत ‘पॉट्स स्पाइन’ म्हणून वावरतो. पाठ दुखणाऱ्या तरुणाच्या केसपेपरवर त्यांचें नांव दुसऱ्या रोगासाठीं लिहिलें जातें, आणि खरा रोग असतो त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेजारच्या पानावरचा! अर्थात् पॉट यांचा कर्करोग कातडीचा होता, वृषणाचा नव्हे. पण त्यांनीं नोंदविलेली एक गोष्ट आपल्या कामाची आहे: त्या पोऱ्यांचा व्रण रोगी आणि शस्त्रवैद्य दोघेही गुप्तरोगाचाच समजत आणि त्यावर पाऱ्याचे उपचार करीत. जागा लाजेची, म्हणून रोगही लाजेचाच असणार, हें अनुमान तेव्हांही तयार होतें.

हें अनुमान आपल्याकडेही कमी बळकट नव्हतें. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत शिकलेले गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं मुंबईंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें व १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें एकट्याच्या हिमतीवर चालविलें. शरीराच्या ज्या भागांचें नांव सभ्य मराठींत लिहिण्याची सोय नव्हती, त्यांविषयीं वाचकांनीं प्रश्न विचारावे आणि त्यांना सरळ उत्तर मिळावें, एवढाच त्यांचा आग्रह. त्यापायीं त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यांत त्यांची बाजू मांडावयास डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. तरी कर्व्यांना दंड झालाच. मासिकाचा खप बेताचा, पदरीं नोकरी नाहीं, आणि सुशिक्षित पुणेंमुंबई बहुतांशीं त्यांना हंसण्यांत दंग. मी त्यांच्या प्रत्येक मताचा कैवार घेत नाहीं. परंतु प्रश्न विचारणाऱ्याला दंड नाहीं आणि उत्तर देणाऱ्याला दंड आहे, अशा समाजांत वृषणांतली गांठ घेऊन एखादा पोरगा कोणाकडे जाणार होता?

आतां डॉक्टरांच्या बाजूनें पाहूं. पुण्यास ससून रुग्णालय १८६७ सालापासून आहे. त्याच्या शेजारची १८७८ सालीं निघालेली भैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळा १९४६ सालीं कॉलेज झाली. पण कर्करोगासाठीं म्हणून स्वतंत्र रुग्णालय पश्चिम हिंदुस्थानांत उभें राहिलें तें मुंबईंत परळला, २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं, टाटांच्या देणगींतून. पुण्याचा रोगी सकाळीं डेक्कन क्वीननें निघून दादरला उतरावयाचा आणि हातांत काचपट्ट्यांचें पुडकें घेऊन परळ गांठावयाचा, हा क्रम पुढें कित्येक दशकें चालला, आणि अगदींच बंद पडला आहे असें आजही म्हणवत नाहीं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत अशा रोग्यांच्या बरोबरच्या माणसांना आसरा मिळत आला आहे.

टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉक्टर वसंत रामजी खानोलकर. हिंदी रोग्यांचा कर्करोग पाश्चात्य पुस्तकांतल्याहून निराळा वागतो, तेव्हां तो आपणच मोजला पाहिजे, ही त्यांची धारणा होती, आणि तंबाखू व तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधावर त्यांनीं केलेलें काम जगन्मान्य झालें. पुढें १९५१ सालीं डॉक्टर जस्सावाला आणि नवल टाटा यांच्या पुढाकारानें इंडियन कॅन्सर सोसायटी निघाली. १९६३ सालीं तिनें मुंबईंत कर्करोगाची शहरवार नोंदणी सुरू केली, आणि नंतर पुण्यांतही ती आली. ह्या नोंदवह्यांतून जें कळलें तें असें: डेन्मार्क-नॉर्वेसारख्या देशांत लाख पुरुषांमागें दरवर्षीं दहाच्या आसपास लोकांना वृषणाचा कर्करोग होतो, आपल्याकडे तोच आकडा एकाच्या आंत राहतो. ही मोठी समाधानाची गोष्ट खरी. पण समाधानाला एक मागची बाजू आहे. जो रोग एखाद्या पेठेंतल्या डॉक्टरला अनेक वर्षांत एकदांही दिसत नाहीं, तो एके दिवशीं समोर येऊन बसला तर ओळखावयाचा कसा? आणि क्षय तर त्याला रोज दिसतो. मानेंतली गांठ, पाठीचें दुखणें, खोकल्यांतलें रक्त, उतरणारें वजन, एवढेंच नव्हे तर अंडकोशांतली सूजसुद्धां क्षयानें होते. तुकडा न तपासतां क्षयाचीं औषधें सुरू झालीं आणि दोन-तीन महिने गेले, कीं तेवढ्या अवधींत हा रोग पुष्कळ पुढें गेलेला असतो. कारण तो ज्या पेशींचा बनतो त्या मूळच्याच फार झपाट्यानें वाढणाऱ्या.

त्या पेशींची गोष्ट विलक्षण आहे, आणि आपला तिसरा तरुण येथें भेटतो. १९२७-२८ च्या सुमारास बर्लिनमध्यें आशहाइम आणि झोंडेक ह्या दोघां डॉक्टरांनीं गर्भवती स्त्रीचें मूत्र लहान उंदरींना टोंचून गर्भ राहिल्याची परीक्षा शोधून काढली. वारेंतून निघणारा एक अंतःस्राव मूत्रांत उतरतो आणि त्यामुळें उंदरीच्या बीजकोशांत फरक होतो, असें तिचें मर्म. थोड्याच काळांत झोंडेक यांना असें आढळलें, कीं वृषणांत अर्बुद असलेल्या पुरुषाच्या मूत्रानेंही उंदरीचा कौल तोच येतो. याचा अर्थ असा, कीं बीजाच्या पेशी बिघडल्या म्हणजे त्यांतल्या कांहीं गर्भाचीं सोंगें घेतात; कोणी वारेचें सोंग घेऊन तिचा अंतःस्राव ओततें, कोणी गर्भाच्या यकृताचें. पहिल्या स्रावाला आज एच. सी. जी. म्हणतात. तो फार झाला, कीं पुरुषाची छाती भरूं लागते. क्वचित् गळ्यांतली थायरॉइड ग्रंथि भडकून छाती धडधडते, हात कांपतात, आणि उपचार त्या ग्रंथीचे चालू होतात. औषधाच्या दुकानांत मिळणारी गर्भपरीक्षेची पट्टी तोच स्राव ओळखते. पण कोणी ती विकत आणून स्वतःची परीक्षा करूं नये. रोग असूनही ती कोरी राहूं शकते. १९६०-७० ह्या दशकाच्या पुढें हा स्राव आणि दुसरा, गर्भाच्या यकृताचा आल्फा-फीटोप्रोटीन नांवाचा पदार्थ, रक्तांत अत्यंत सूक्ष्म प्रमाणांतही मोजतां येऊं लागले आणि उंदरींची सुटका झाली. तरुण पुरुषाची छाती कारणावांचून भरली तर हें रक्त तपासावें व वृषणांची सोनोग्राफी करावी, हा आज साधा नियम आहे. वयांत येणाऱ्या मुलांना असा भराव तात्पुरता येतच असतो, हें मात्र आयांनीं ध्यानांत ठेवावें; उगीच घाबरूं नये.

याहूनही फसवे प्रकार आहेत. कधीं कधीं वृषणांतलें मूळ अर्बुद आपोआप जळून विझतें, मागें फक्त एक वण किंवा चुन्याचा कण राहतो, आणि त्याच्या लेंकी पोटांत वाढत असतात. हात लावून पाहिलें तर वृषण निर्दोष. १९६१ सालीं आझोपार्डी व त्यांचे सहकारी यांनीं अशा विझलेल्या अर्बुदांचें बारकाईनें वर्णन केलें, तेव्हां कोठें ‘पोटामागें आपोआप उगवलेल्या’ कित्येक गांठींचें मूळ उलगडलें. १९९९ सालीं आणखी एक कोडें सुटलें: कांहीं तरुण स्मृति गमावतात, झोंपेंत आणि स्वभावांत विक्षिप्त बदल होतात, घरचे त्यांना मानसरोगतज्ज्ञाकडे नेतात, आणि त्यांच्या रक्तांत असें प्रतिद्रव्य सांपडतें, कीं जें वृषणांतल्या बारक्याशा अर्बुदाशीं लढण्यासाठीं निघालेलें असून चुकून मेंदूवरच चाल करून गेलें आहे. असे रोगी फार थोडे, पण वृषण काढल्यावर त्यांतले कांहीं सुधारतात.

आणि ज्याचें वृषण खालीं उतरलेंच नाहीं, त्याचें काय? प्रवास अर्धवट राहिलेलें वृषण पोटांत किंवा जांघेंत अडकतें. पूर्ण दिवसांच्या शेंकडा दोन-चार मुलग्यांत जन्माच्या वेळीं असें असतें. पहिल्या कांहीं महिन्यांत बहुतेकांचें उतरतें, वर्षाअखेर शंभरांत एकाचें राहतें. अशा माणसाला पुढें कर्करोगाचा धोका अनेकपट असतो, आणि तो झाला तर अंडकोशांत नव्हे, पोटांत गोळा म्हणून दिसतो. आपल्या घरांत न्हाऊं घालणाऱ्या आजीला आणि सुइणीला ही उणीव बहुधा प्रथम दिसते. मग ‘मोठा झाला म्हणजे उतरेल’ असें म्हणून ती झांकलीही जाते. स्वीडनमध्यें अशी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारें सतरा हजार पुरुषांचा मागोवा घेण्यांत आला. तेराव्या वर्षाआधीं वृषण खालीं आणून बसविलेल्यांना धोका इतरांच्या सुमारें दुप्पट होता. तेराव्यानंतर ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांना पांचपटींहून अधिक. हे आकडे २००७ सालीं प्रसिद्ध झाले. आजचे बालशस्त्रवैद्य तेराची वाटही पाहत नाहींत, सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतच हें काम उरकावें म्हणतात.

उपचारांचा इतिहास म्हणजे एका पिढींत उलटलेलें पान आहे. १९०६ सालीं पॅरिसमध्यें मॉरिस शव्हासू यांनीं वृषणाच्या अर्बुदांचे दोन मोठे वर्ग पाडले आणि एकाला ‘सेमिनोमा’ हें नांव दिलें. तो वर्ग क्षकिरणांनीं वितळतो असें पुढें दिसून आलें. दुसरा वर्ग किरणांना दाद देईना. तो फुप्फुसांत पोंचला, कीं दहांत एखादाच वांचे, आणि जे मरत ते विशी-तिशींतले असत.

पहिली फट पडली ती वारेच्या कर्करोगांत. १९५६ सालीं अमेरिकेंत मिन चिउ ली नांवाच्या चिनी डॉक्टरनें मेथोट्रेक्सेट हें औषध देऊन वारेचा पसरलेला कर्करोग हटविला. (हें औषध ज्या लेडर्ले प्रयोगशाळेंत घडलें तिची धुरा आपले येल्लाप्रगड सुब्बाराव वाहत होते.) गांठी दिसेनाशा झाल्यावरही मूत्रांतला तो अंतःस्राव शून्यावर येईपर्यंत ली औषध देत राहिले, त्यांच्या वरिष्ठांना हा अविचार वाटला आणि त्यांना ती संस्था सोडावी लागली. आंकडा शून्य होईपर्यंत थांबावयाचें नाहीं, हें त्यांचें तत्त्व मात्र टिकलें.

दुसरें औषध आपल्या दारांत उभें आहे. पुण्यांत असें वाड्याचें अंगण क्वचितच सांपडेल, कीं जेथें तुळशीच्या शेजारीं सदाफुली नाहीं. मधुमेहावर तिचा पाला उपयोगी पडतो अशी वेस्ट इंडीजकडे समजूत होती. ती पडताळतांना कॅनडांतील नोबल आणि बीअर यांना दिसलें, कीं साखर उतरत नाहीं, पण रक्तांतल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्यानें घटतात. १९५८ च्या सुमारास त्यांनीं त्यांतून व्हिन्ब्लास्टिन वेगळें काढलें. (सदाफुलीचीं पानें चावून कर्करोग बरा होतो असें कोणी सांगेल, तर त्याचें ऐकूं नका, त्या पानांत विष आहे आणि त्याची मात्रा पानावर लिहिलेली नसते.) तिसरें औषध, ब्लिओमायसिन, जपानांत उमेझावा यांनीं मातींतल्या सूक्ष्म जंतूपासून मिळविलें. चौथ्याचा शोध तर निव्वळ अपघात. १९६५ सालीं मिशिगनमध्यें बार्नेट रोझेनबर्ग हे जंतूंच्या द्रावणांतून वीज सोडून पाहत होते. जंतू वाढावयाचे थांबले आणि शेवयांसारखे लांबलांब झाले. विजेचा हा गुण नव्हेच, तर विजेच्या कांबींतल्या प्लॅटिनमपासून द्रावणांत तयार झालेल्या क्षाराचा, हें कळावयास त्यांना बराच काळ लागला. इटलींतील पेरोन या रसायनज्ञानें १८४४ सालींच बनविलेला तो क्षार म्हणजे सिस्प्लॅटिन.

१९७४ सालीं इंडियानामध्यें लॉरेन्स आइनहॉर्न ह्या तरुण डॉक्टरनें हीं तीन औषधें एकत्र केलीं. पहिल्या रोग्यांपैकीं जॉन क्लीलँड हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याचीं फुप्फुसें रोगानें भरलेलीं होतीं आणि आधींचे सर्व उपाय थकले होते. थोड्याच आठवड्यांत छायाचित्र स्वच्छ झालें. तो पुढें शिक्षक झाला. १९७७ सालीं पहिल्या तुकडीचा हिशेब छापला गेला, त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिकांचा रोग नाहींसा झाला होता. पुढें सदाफुलीची जागा हिमालयांतही उगवणाऱ्या एका वनस्पतीच्या रसापासून केलेल्या इटोपोसाइडनें घेतली, कारण त्याचा त्रास कमी. आज सर्व अवस्थांचे रोगी मिळून शंभरांत पंचाण्णवांच्या वर बरे होतात. घरांतले वडील पहिला प्रश्न लग्नाचा काढतात, तेव्हां त्याचेंही उत्तर देऊन ठेवतों: एका वृषणानें पुरुषत्व आणि संतति दोन्हीं बहुधा साधतात, आणि औषधें सुरू होण्यापूर्वीं बीज गोठवून ठेवण्याची सोय पुण्यांतही आहे.

आतां आपल्या सदाशिव पेठेंतल्या तरुणाकडे परत जाऊं. समजा, गांठीचा तुकडा तपासला गेला, कोणीतरी त्याला पडद्याआड नेऊन तो एक प्रश्न विचारला, आणि जांघेवर छेद घेऊन वृषण काढलें. औषधांच्या फेऱ्या चालू आहेत. डोक्यावरचे केंस गेले आहेत, मळमळ आहे, आणि घरीं आलेल्यांना काय सांगावयाचें ह्या विवंचनेंत आई आहे. त्याच्या रक्तांतला एच. सी. जी. एक-दोन दिवसांत निम्मा व्हावयास हवा, आणि दुसरा पदार्थ सुमारें आठवड्याला निम्मा. ठरलेल्या गतीनें आंकडे उतरले नाहींत, तर रोग अजून कोठेंतरी बसलेला आहे, मग छायाचित्रांत कांहीं दिसो वा न दिसो. म्हणून दर सोमवारीं सकाळीं तो बाही वर करून खिडकीपाशीं येतो, रक्त देतो, आणि संध्याकाळीं कागद घ्यावयास पुन्हां येतो. मागच्या सोमवारीं आंकडा एकशेंवीस होता. आज एकोणसाठ आहे.